परतीचा सा

१

भीमराज ओव्हाळचा आवाज पिंपरीपासून कुरुळीपर्यंत लोकांना ठाऊक होता. कंपनीत तो इन्स्ट्रुमेंट खात्यात मेकॅनिक होता. गेज उघडायचे, साफ करायचे, परत बसवायचे आणि शिफ्ट सुटली की सायकल काढून घरी यायचं, असं त्याचं चालायचं. पण जयंतीचा महिना लागला की त्याच्या गायन पार्टीला उसंत नसे. पेटीवाल्याने पट्टी कितीही वर धरली तरी याचा आवाज कर्ण्याशिवाय मैदानाच्या टोकाला पोचायचा. शालनबाईने त्याला पाहिलं नव्हतं तेव्हा ऐकलं होतं. कुरुळीला, माहेरी, ती आत भाकऱ्या थापत होती आणि बाहेर हा गात होता. पुढे लग्नाची बोलणी निघाली तेव्हा तिने आईला एवढंच विचारलं, त्योच का गाणारा.

त्याचा दुसरा नाद वायरलेसचा. ऐन तारुण्यात काही वर्षं तो लष्कराच्या सिग्नलमध्ये होता, तिथे हा नाद लागला आणि सुटला नाही. सरकारी परीक्षा देऊन त्याने हौशी वायरलेसचं लायसन्स काढलं होतं. चिंचवड स्टेशनच्या मागे त्याच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. त्यातल्या बाहेरच्या खोलीत खिडकीखाली टेबल, टेबलावर घरीच जुळवलेला सेट आणि गच्चीवर ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा एरियल. शेजारच्या शेडमध्ये पत्रा कापणारा पॉवर प्रेस चालायचा. त्याची धाडधाड इतकी अंगवळणी पडली होती की सुट्टीच्या दिवशी तो बंद असला की शालनबाईला चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं.

त्या काळात परदेशातल्या हौशी मंडळींनी आपल्या हातांनी बनवलेला एक लहानसा उपग्रह आकाशात फिरत होता. ध्रुवावरून ध्रुवावर जायचा आणि सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा आपल्या बाजूला यायचा. त्याचं काम साधं होतं. खालून कोणी बोललं की तो ते झेलायचा आणि त्याच क्षणी परत खाली टाकायचा. त्यामुळे बोलणाऱ्याच्या कानावरच्या हेडफोनात त्याचाच आवाज आकाशातून फिरून यायचा. उपग्रह जवळ येताना आणि लांब जाताना त्या आवाजाची पट्टी चढायची, उतरायची, आगगाडीच्या शिट्टीसारखी. बाकीचे लोक ती जुळवायला शिट्टी मारत, आकडे मोजत. भीमराज सा लावायचा. आपला सा आणि आकाशातून परत आलेला सा एकमेकांत मिसळून जाईपर्यंत तो बटण फिरवत राहायचा. मिसळले की अंगावर काटा यायचा. हे सुख त्याने शालनबाईलाही नीट सांगितलं नव्हतं.

२

उपग्रहाच्या त्या वाटेवर त्याला एक माणूस भेटला होता. सैबेरियाच्या पार वरच्या किनाऱ्यावर, जिथे हिवाळ्यात महिनोन्‌महिने सूर्य उगवत नाही, तिथल्या हवामान केंद्रावरचा स्तेपान. दोघांचंही इंग्रजी यथातथाच. एकमेकांच्या हवेची चौकशी करायची, जेवण काय झालं ते सांगायचं, तेवढ्यात उपग्रह मावळायचा. स्तेपानचा आवाज भारी होता, रिकाम्या पिंपात बोलल्यासारखा घुमायचा. भीमराजला तो आवडायचा. असा खर्ज आपल्या पार्टीत एक पाहिजे, असं तो म्हणायचा.

एकोणऐंशी सालच्या हिवाळ्यात तो आवाज कधी कधी कुजबुजत येऊ लागला. शब्द सगळे कळायचे, पण घशातला सूर काढून घेऊन नुसती हवा ठेवावी तसे. पहिल्यांदा भीमराजला वाटलं, गडी आजारी आहे. पण स्तेपाननेच त्याला समजावलं, की बाहेर आकाश हिरवं झालंय, पडदे हलताहेत, असं झालं की आमच्या सगळ्यांचेच आवाज असे होतात.

चिंचवड गावात नूरमोहम्मदचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. नूरभाई गायन पार्टीत ढोलक वाजवायचा आणि लाउडस्पीकरचा सेटही त्याचाच असायचा. त्याच्याकडे वायरलेसची मासिकं यायची. त्यातल्या एकात भीमराजला या प्रकाराची फोड सापडली. सूर्यावरून सुटलेले कण ध्रुवांपाशी वरच्या हवेत कोसळतात. तिथे जमिनीपासून खूप उंचावर विजेने भारलेला एक थर असतो, आयनांबर म्हणतात त्याला. कण आदळले की तो थर पेटतो, चुरगळतो, पडद्यासारखा हलत राहतो. त्यातून जाणाऱ्या रेडिओ लहरीचे बारीक बारीक तुकडे होतात, प्रत्येक तुकडा थोड्या वेगळ्या पट्टीत. ते सगळे एकत्र खाली आले की शब्द उरतो, सूर जातो.

भीमराजने ते वाचलं आणि मासिक मिटून ठेवलं. पडदा तिकडे, हजारो मैलांवर. आपल्या डोक्यावर स्वच्छ ऊन आहे, हे मनाशी म्हणताना त्याला जरा बरं वाटलं होतं. बरं का वाटावं, हे मात्र त्याला कळलं नाही.

३

होळीच्या आसपासची गोष्ट. त्याची दुसरी पाळी होती, त्यामुळे सकाळ मोकळी. शालनबाई मागच्या दारी भांडी घासत होती, प्रेस चालू होता. उपग्रह उत्तरेकडून येऊन दक्षिणेला, समुद्राच्या बाजूला सरकला. भीमराजने हेडफोन चढवला आणि सा लावला.

परत आला तो सा नव्हता. कोणीतरी तोंड उघडून सा लावल्यासारखा श्वास सोडत होतं.

त्याने बटण फिरवलं. पुढे, मागे. पट्टी जुळेना, कारण जुळवायला पट्टीच नव्हती. तो थांबला तसा तो श्वासही थांबला. मग त्याने आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं. कुजबुजीत, नीट ऐकू येईल असं, त्याचं नाव आणि गाव परत आलं. त्याच उपग्रहावर श्रीलंकेतला एक गृहस्थ बोलत होता. त्याचा आवाज घंटेसारखा खणखणीत येत होता.

सेटात बिघाड असणार, असं म्हणून भीमराजने तो विषय तिथेच ठेवला. पण संध्याकाळी कंपनीत गेज खोलताना हात थांबत होते. त्याच्या आणि उपग्रहाच्या मधे त्या वेळी हिंदी महासागराचं आकाश होतं. तिथे कसले पडदे असणार?

रविवारी नूरभाई अवजारं घेऊन आला. माईक बदलला, वायरी बदलल्या, एका बाजूने सगळा सेट तपासला. मग दुकानातला दुसरा रिसीव्हर आणून त्याने आतल्या खोलीत ठेवला आणि भीमराजचं बोलणं उपग्रहाकडे जाण्याआधीच, थेट सेटातून बाहेर पडताना ऐकलं. ते स्वच्छ होतं. बिघाड सेटात नव्हता, माईकमध्ये नव्हता, घशातही नव्हता. जे काय होत होतं ते वर गेल्यावर होत होतं, आणि फक्त याच्याच आवाजाचं होत होतं.

उपग्रह आला तेव्हा नूरभाईने दुसरा हेडफोन लावून शेजारी बसून ऐकलं. भीमराज बोलायचा थांबल्यावरही तो काही वेळ हेडफोन धरून बसला होता.

“भीमराजभाऊ,” तो म्हणाला, “तुम्ही थांबलात ना, तो थोडा उशिरा थांबतो.”

दोघंही हसले. मग चहा आला, आणि पार्टीच्या तारखांचं बोलणं निघालं.

४

त्या वर्षीच्या जयंतीसाठी भीमराज एक नवं गाणं बांधत होता. भाकरी बांधून घेऊन बाबासाहेबांच्या सभेला चालत गेलेल्या एका बाईचं. ती त्याची आजी असावी, किंवा कोणाचीही. सुरुवात चांगली जमली होती.

भाकर घेऊन निघाली माय,
सभेला जायाची वाट...

आणि पुढे गाडी अडली होती. सायकलवर, मशिनपाशी, अंघोळीला बसल्यावर, जिथे तिथे तो त्या दोन ओळींभोवती घुटमळायचा. त्या कुठे लिहिलेल्या नव्हत्या. मोठ्याने गायलेल्याही नव्हत्या. अर्धवट गाणं कोणाच्या कानावर घालायचं नाही, अगदी शालनच्याही नाही, असा त्याचा नेम होता.

एका सकाळी त्याने नेहमीसारखा सा लावला आणि सोडला. कुजबुज थांबली नाही. सावरून श्वास घेतल्यासारखं झालं आणि हेडफोनात हळू आवाजात, त्याच्याच चालीत, त्याची पहिली ओळ आली. मग दुसरी. भीमराजचं तोंड मिटलेलं होतं. हे लक्षात यायला त्याला ओठांना हात लावून पाहावं लागलं. कुजबुज पुढे गेली.

तिच्या पाउलांमागं हळूहळू
फुटत गेली पहाट.

आणि मग नुसती खरखर. उपग्रह क्षितिजाखाली गेला होता.

भीमराजने हेडफोन काढला. बाहेर प्रेस धाडधाड चालू होता. स्वयंपाकघरात कांद्याची फोडणी पडली. सगळं जिथल्या तिथे होतं. त्याने स्वतःला समजावलं, की ओळ आपल्याच डोक्यात शिजत होती, खरखरीत ती आपल्याला ऐकू आली एवढंच. प्रेसच्या ठेक्यावर माणसाला काहीही ऐकू येतं. कंपनीत रात्रपाळीला कॉम्प्रेसरमधून बायकोची हाक ऐकू येते असं सांगणारे लोक होतेच की. हा विचार त्याला पटला. पण ओळ इतकी सुरेख होती, की दुसऱ्या दिवशी उपग्रहाच्या वेळेला तो आधीच टेबलापाशी जाऊन बसला होता.

त्या पंधरवड्यात गाणं पुरं झालं. दर वेळी तो सा लावायचा आणि गप्प राहायचा. दर वेळी कुजबुज एखादं कडवं पुढे न्यायची. स्वतःहून त्याने एकही शब्द घातला नाही. असं गाणं आपल्याकडून कधी झालं नसतं, हे त्याला आतून कळत होतं, आणि ते कळूनही तो खूश होता. शालनबाईला तो इतकंच म्हणाला, की या खेपेला लोक ऐकत राहतील.

५

पार्टीची तालीम पिंपरीत किसनच्या चाळीत असायची. किसन पेटी वाजवायचा आणि मागे झील धरायचा. भीमराजने नवं गाणं धरलं. पहिलं कडवं झालं आणि वरच्या सुराला आवाज फाटला. फाटला म्हणण्यापेक्षा पातळ झाला. सुराच्या जागी हवा आली. लोकांनी पाणी दिलं, खडीसाखर दिली, जागरणं फार झाली म्हणाले. त्याने पुन्हा धरलं, पुन्हा तेच. त्यानंतर मधली पट्टीही जाऊ लागली.

आठवडाभरात तो साधं बोलतानाही कुजबुजायला लागला. सुपरवायझर ओरडला की हा जवळ जाऊन कानाशी उत्तर द्यायचा. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं. स्वरतंतू निरोगी होते, छान हलत होते, गाठ नाही, सूज नाही. डॉक्टर म्हणाले, कधी कधी मनाचं असतं, विश्रांती घ्या.  परतताना बसमध्ये शालनबाईने विचारलं, “त्या डबड्यात रोज काय बोलता हो? सकाळी सेटावरून उठता तवा आवाज जास्तीच बसल्याला असतो. मी बघतीय.”

त्याने मान हलवून नाही म्हटलं. पण घरी येऊन त्याने मोजदाद केली तेव्हा तिचं खरं होतं. उपग्रहाशी बोलल्यावर तो थोडा अजून रिकामा होऊन उठायचा. रेडिओ लहरींनी माणसाच्या घशाला काय होणार? वर जाते ती लहर, आवाज तर इथेच राहतो, खोलीत. हे कुठल्याही सातवीच्या मुलाला कळेल. इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकला तर कळायलाच हवं. तरीही त्याने सेटाचं बटण बंद केलं, त्यावर शालनबाईचं जुनं लुगडं टाकलं आणि आपण आता यातून बाहेर पडलो, असं ठरवलं.

६

चार-पाच दिवस तो निभावून गेला. मग त्याला स्तेपानची आठवण यायला लागली. एकदा सांगून तरी थांबावं, त्या माणसाने वाट का पाहावी, असं त्याने मनाला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. जगात दुसऱ्या कोणाचा आवाज असा झाला असेल तर तो स्तेपानचाच होता, आणि त्याला विचारायचं होतं.

संध्याकाळची वेळ, अजून लख्ख उजेड होता. उपग्रह उत्तरेकडे सरकला तसा स्तेपान आला. कुजबुजतच. भीमराजने कुजबुजतच विचारलं, तिकडे आकाश अजून पेटलंय का.

स्तेपान म्हणाला, नाही. आता इकडे दिवस मोठा झालाय. आकाश साफ आहे, कित्येक दिवस साफ आहे.

 तो बोलत राहिला, मोडक्या इंग्रजीत, शब्द शोधत. त्याने सांगितलं, की आता तो खोलीतही असाच बोलतो. केंद्रावरची माणसं त्याला पाटीवर लिहून दे म्हणतात. मग त्याने विचारलं, की भीमराज, तू माझ्यावर रागावलास का? मी रोज तुला ऐकतो. उपग्रह वर नसतानासुद्धा ऐकतो. तुझा आवाज चांगला आहे, मोठा आहे, तू सारखा गातोस. मी हाक मारतो तर तू उत्तर देत नाहीस. गातच राहतोस.

भीमराजने सांगायचा प्रयत्न केला, की तो मी नव्हे. पण माईकचं बटण दाबायला हात गेला नाही, कारण दाबलं तर आणखी थोडा आवाज वर जाईल. तो नुसता ऐकत राहिला. स्तेपानची कुजबुज विरत गेली. अगदी शेवटी, खरखरीच्या खाली, दुसरं कोणीतरी हसल्यासारखं वाटलं. भारी आवाजात, रिकाम्या पिंपात हसावं तसं.

त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. तो ठेवल्यावरही त्यातून बारीक काहीतरी येत होतं. त्याने प्लग उपटला. मग गच्चीवर जाऊन एरियलची तार पकडीने तोडली आणि खाली येऊन शालनबाईच्या शेजारी, निवडायला घेतलेल्या मेथीच्या जुडीपाशी बसला.  दोघं मेथी निवडत राहिले.

७

जयंतीचा कार्यक्रम कुरुळीला होता. भीमराजने आधीच कळवलं होतं, की यंदा किसन गाईल, मी नुसता बसेन. पण मंडळाचे उद्धवराव जुन्या वळणाचे. जावई गावात आलाय आणि गाणार नाही, हे त्यांना मान्य होईना. दिवस मावळायला आला होता, पताकांवर पिवळं ऊन होतं, समोर माणसं दाटीने बसली होती. उद्धवरावांनी माईकवरून भीमराजचं नाव पुकारलं आणि टाळ्या पडल्या.

तो उठला. दोन शब्द बोलून हात जोडावेत, एवढाच त्याचा विचार होता. नूरभाई स्टेजच्या कडेला ॲम्प्लिफायरपाशी बसला होता. भीमराज माईकसमोर उभा राहिला, श्वास घेतला, तोंड उघडलं.

कर्ण्यातून सा आला.

भरदार, स्वच्छ, वर्षानुवर्षं लोकांच्या ओळखीचा. झाडावरची पाखरं उडाली. किसनने चमकून पाहिलं आणि सवयीने पेटीवर तीच पट्टी धरली. मग गाणं सुरू झालं. भाकर घेऊन निघाली माय. भीमराजच्या छातीत काही हललं नव्हतं. घशात काही नव्हतं. तो नुसता उभा होता आणि त्याचा आवाज त्याच्या डोक्यावरून, चारी कर्ण्यांतून, शेतांकडे जात होता.

तोंड मिटून खाली उतरायचं, एवढंच त्याला करायचं होतं. पण बायकांच्या बाजूला शालनबाई बसली होती. तिचा चेहरा त्याने पाहिला. गेले कित्येक दिवस तिने तो आवाज ऐकला नव्हता. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला भान नव्हतं. शेजारणीचा हात धरून ती हसत होती.

भीमराजने ओठ हलवले. शब्द त्याला पाठ होते. कडव्यामागून कडवं तो ओठ हलवत राहिला आणि त्या आवाजाने जिथे श्वास घेतला तिथे त्याने मान वर केली. शेवटची ओळ संपली तेव्हा लोक उठून उभे राहिले. कोणी पागोटं उडवलं, कोणी खिशातलं काय काय स्टेजवर ठेवलं. शालनबाईची आई येऊन त्याच्या गालावरून बोटं फिरवून गेली.

नूरभाई त्या गर्दीत त्याच्याजवळ आला नाही. सगळं सामान टेंपोत चढवून झाल्यावर तो आला, भीमराजला बाजूला घेतलं आणि खाली बघत म्हणाला, “माईक बंद होता, भाऊ. तुम्ही आवाज गेल्याचं सांगणार, म्हणून मीच बटण बंद केलं होतं, लोकांना ती कुजबुज ऐकू जाऊ नये म्हणून. माझं बोट शेवटपर्यंत त्याच्यावर होतं.”

भीमराजने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.  टेंपोत शालनबाई भीमराजच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. झोपण्याआधी म्हणाली, “आला की नै परत? मी म्हणतच हुते, यील म्हणून.”

८

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा कुजबुजला तेव्हा तिला धक्का बसला. काल इतकं गाणं झालं, घसा बसणारच, अशी तिने स्वतःची समजूत घातली. मग महिना गेला, वर्ष गेलं. भीमराजने पार्टी सोडली. किसन चांगलं गायला लागला. पण ते नवं गाणं किसनने कधी घेतलं नाही आणि भीमराजनेही कधी घे म्हटलं नाही. कंपनीत त्याची कुजबुज लोकांच्या सवयीची झाली. सेट त्याने मोडून टाकला, त्याचे सुटे भाग नूरभाई घेऊन गेला. स्तेपानचं पुढे काय झालं, हे कळायला मार्ग नव्हता.

ते कुरुळीचं गाणं खरं कसं झालं, हे त्याने शालनबाईला सांगितलं नाही. सांगायचं अनेकदा ठरवलं. पण तिच्या लेखी त्या दिवशी तिच्या नवऱ्याने तिच्या गावात उभं राहून कधी नव्हे असं गायलं होतं. ते तिच्याकडून काढून घेण्याइतका आवाज त्याच्यात उरला नव्हता.

एक्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात नूरभाई मुद्दाम दुपारी घरी आला. मासिकात बातमी होती. तो उपग्रह बंद पडला होता. बॅटरी गेली, आता तो काही झेलणार नाही, काही टाकणार नाही, नुसता दगडासारखा फिरत राहील. नूरभाई गेल्यावर भीमराज खाटेवर पाठ टेकून पडला. कितीतरी दिवसांनी त्याला गाढ झोप लागली.

त्यानंतरच्याच आठवड्यातली गोष्ट. त्याची पहिली पाळी होती, दुपारी तो घरी आला. प्रेस चालू होता. हातपाय धुऊन तो खाटेवर टेकला. शालनबाई आत धान्य पाखडत होती. मधेच सूप थांबलं.

“काय वो?” तिने आतून विचारलं.

त्याने काही म्हटलं नव्हतं. त्याने मान हलवली, पण ती त्याच्याकडे बघत नव्हती. पुन्हा सूप सुरू झालं, पुन्हा थांबलं.

“आले, आले,” असं म्हणत ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि त्याच्या समोरून, त्याच्याकडे न बघता, दारातून बाहेर पडली. तिच्या चेहऱ्यावर कुरुळीतलं ते हसू होतं. जिन्यावर तिची पावलं वाजली. पायऱ्या ती तरुण पोरीसारखी भरभर चढत होती.

भीमराज उठला. “शालन,” तो म्हणाला. “शालन, मी इथं हाय.” पण ते त्याच्या ओठांबाहेर जेमतेम गेलं. प्रेस धाडकन खाली आला, वर गेला, पुन्हा खाली आला. तो जिन्याकडे धावला. अर्ध्या जिन्यात त्याने पुन्हा हाक मारली, होता नव्हता तेवढा श्वास एकवटून, आणि त्याची त्यालाही ती ऐकू आली नाही.

गच्चीवर रणरणतं ऊन होतं. वाळत टाकलेली चादर हलत नव्हती. शालनबाई पार उत्तरेच्या कठड्याशी उभी होती, कपाळावर हाताचा आडोसा धरून, मान वर करून. आकाशात ढगही नव्हता. तिने विचारलं, “जेवलात का?”

मग ती मान एका बाजूला कलती करून गप्प उभी राहिली. मधे मधे हुंकार देत ती ऐकत होती.